प्रवेश-अर्जापूर्वीचा अभ्यास

बारावीचा निकाल लागला की डोंबिवलीत दोन प्रश्न घरोघर विचारले जातात. ‘किती टक्के पडले?’ हा पहिला आणि ‘कुठे घेणार प्रवेश?’ हा दुसरा. पहिल्याचे उत्तर परीक्षा मंडळाने दिलेले असते. दुसऱ्याचे उत्तर बहुधा पहिल्यावरूनच ठरते. टक्के भरघोस असतील तर माटुंगा किंवा मुलुंड, थोडे कमी असतील तर ठाणे किंवा कल्याण, आणि त्याहून खाली आले तर घराजवळ जे मिळेल ते, असा एक अलिखित नकाशा या शहराच्या मनात तयार आहे. तो ज्ञानशाखांच्या क्रमाने आखलेला नाही, मध्य रेल्वेच्या स्थानकांच्या क्रमाने आखलेला आहे. ज्या अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यावयाचा त्याची नेमकी अट काय, तो पुरा केल्यावर पुढची कोणती दारे उघडतात आणि कोणती कायमची बंद होतात, हा तिसरा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. वस्तुतः या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी शोधले तर पहिल्या दोहोंचे ओझे पुष्कळ हलके होईल.

डोंबिवली हे नोकरदारांचे गाव आहे. पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे यांच्यासारख्या लेखकांचे वास्तव्य लाभलेल्या या गावात विद्येला मान आहे. पण त्या मानाखाली एक व्यावहारिक सत्यही दडलेले आहे. येथील बहुसंख्य कुटुंबांपाशी मुलांना देण्यासारखे दुकान नाही, कारखाना नाही. जमीन असलीच तर ती कोकणात किंवा देशावर, भाऊबंदांच्या वाटणीत अडकलेली. शिक्षण हीच या कुटुंबांची खरी मालमत्ता. तरीही या मालमत्तेच्या व्यवहारात जी हयगय होते ती विस्मयकारक म्हणावी लागेल. सदनिका घेताना चार इमारती पाहणारा, अनधिकृत बांधकामांच्या कटू अनुभवामुळे सात-बारापासून बांधकाम परवानगीपर्यंत प्रत्येक कागद वकिलाला दाखविणारा गृहस्थ मुलीच्या आयुष्यातील तीन-चार वर्षांचा व्यवहार शेजाऱ्याच्या शब्दावर उरकून टाकतो.

एका दाराचे अनेक दरवाजे

या हयगयीला इतिहास आहे. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजी झाली आणि १८६२ साली महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा समावेश असलेली पदवीधरांची पहिली तुकडी बाहेर पडली. त्या काळी निवडीचा प्रश्नच नव्हता. विद्यापीठ एक, प्रवेश-परीक्षा एक, आणि पदव्या हाताच्या बोटांवर मोजण्याजोग्या. पुढे १९४९ साली पुणे विद्यापीठ निघाले. तथापि ठाणे जिल्ह्यातील विद्यार्थ्यांच्या दृष्टीने चित्र फारसे पालटले नाही. कला, विज्ञान किंवा वाणिज्य यांपैकी एक शाखा धरावी, पदवी मिळवावी आणि बँकेत, विमा कंपनीत, रेल्वेत किंवा मंत्रालयात चिकटावे, हा सरळ मार्ग होता. आज जे आजी-आजोबा आहेत त्यांची पिढी याच मार्गाने गेली. त्या मार्गावर तुलना करण्याची सवय लागण्याचे कारणच नव्हते.

१९८३ साली महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि हा सरळ मार्ग फुटू लागला. नंतरच्या चार दशकांत स्वायत्त महाविद्यालये, अभिमत विद्यापीठे, खाजगी विद्यापीठे, समूह विद्यापीठे अशी संस्थांची नवनवी कुळे जन्माला आली. विधी शाखेसाठी राज्याची प्रवेश-परीक्षा २०१६ पासून सुरू झाली. केंद्रीय विद्यापीठांची सामाईक परीक्षा २०२२ पासून आली. व्यवस्थापन व संगणक-उपयोजन यांच्या पदव्यांसाठी राज्याने २०२४ साली प्रथमच परीक्षा घेतली. एकेकाळी ज्या वास्तूला एक दार होते तिला आज पन्नास दरवाजे आहेत आणि प्रत्येकाची किल्ली निराळी आहे. माणसे मात्र अजून जुन्याच दारापाशी रांग लावून उभी आहेत.

पात्रता, क्रम आणि कागद

तुलना करावयाची म्हणजे प्रथम तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या केल्या पाहिजेत. या तिन्हींचा गोंधळ ‘इतक्या टक्क्यांना मिळेल का?’ या एकाच वाक्यात सामावलेला असतो.

पहिली गोष्ट पात्रता. पात्रता म्हणजे दारात उभे राहण्याचा अधिकार. उदाहरणार्थ, राज्यातील अभियांत्रिकी पदवीसाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हे विषय अनिवार्य आहेत. त्यांच्या जोडीला रसायनशास्त्र किंवा मान्य यादीतील अन्य एखादा विषय चालतो. या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गासाठी किमान ४५ टक्के आणि राखीव प्रवर्गासाठी ४० टक्के गुण लागतात. येथे बारावीच्या एकूण टक्केवारीला अर्थ नाही. भाषेत आणि अन्य विषयांत भरपूर गुण मिळवून एकूण टक्का फुगविलेला विद्यार्थी या तीन विषयांत घसरला असेल तर तो दारातही उभा राहू शकत नाही. आणि ज्याचा एकूण टक्का सामान्य आहे तो निर्धास्तपणे उभा राहू शकतो.

दुसरी गोष्ट गुणवत्ताक्रम. पात्र ठरलेल्यांत पुढे कोण आणि मागे कोण, हे या क्रमाने ठरते. अभियांत्रिकीत हा क्रम मुख्यतः राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेवर लागतो. ही परीक्षा २०० गुणांची असते, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, आणि तिच्यात अकरावीच्या अभ्यासक्रमाला सुमारे वीस टक्के व बारावीच्या अभ्यासक्रमाला ऐंशी टक्के वाटा असतो. अकरावीचे वर्ष म्हणजे विसाव्याचे वर्ष, या समजुतीत वाढलेल्या मुलांनी या विभागणीकडे निरखून पाहावे. या परीक्षेचा निकाल ‘पर्सेंटाइल’मध्ये लागतो. नव्वद पर्सेंटाइल म्हणजे नव्वद टक्के गुण नव्हेत. परीक्षेस बसलेल्या शंभरांपैकी नव्वद जण आपल्या बरोबरीने किंवा आपल्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. हा भेद ठाऊक नसल्यामुळे कित्येक घरांत नको तो आनंद आणि नको तो शोक दरवर्षी साजरा होतो.

याच ठिकाणी ‘कट-ऑफ’ नावाचे भूत उभे राहते. कट-ऑफ हा नियम नाही. गेल्या वर्षी त्या जागेवर जो शेवटचा विद्यार्थी बसला त्याचा तो गुण आहे. यंदा अर्ज वाढले, प्रश्नपत्रिका सोपी निघाली किंवा तुकडी वाढली की तो सरकतो. शिवाय तो किती जागांवरून निघाला हेही पाहावे लागते. समजा, एखाद्या महाविद्यालयात एकशेवीस जागा आहेत; संस्था भाषिक अल्पसंख्याकांची असेल तर त्यांतील निम्म्या त्या भाषकांसाठी, काही त्याच संस्थेच्या कनिष्ठ महाविद्यालयातील मुलांसाठी, काही व्यवस्थापनाच्या हाती. उरलेल्या मूठभर जागांवर झालेल्या चढाओढीतून जो आकडा निघतो तो त्या संस्थेच्या अध्यापनाचा दर्जा दाखवितो, असे समजणे म्हणजे नाटकाच्या तिकिटासाठी लागलेल्या रांगेवरून नाटकाचे परीक्षण लिहिण्यासारखे आहे.

तिसरी गोष्ट कागद. जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर, अधिवास, उत्पन्नाचा दाखला ही नावे अनेक घरांत निकालानंतर प्रथम उच्चारली जातात आणि मग तहसील कचेरी व सेतू केंद्र यांच्यासमोर जूनच्या पावसात रांगा लागतात. पात्रता आहे, क्रमही बरा आहे, पण कागद मुदतीत आला नाही म्हणून राखीव जागा हातची जाते, यापेक्षा क्लेशकारक काय असेल? ज्या प्रमाणपत्राला काही महिने लागू शकतात त्याचा अर्ज बारावीच्या परीक्षेनंतर नव्हे, बारावीच्या आरंभीच झाला पाहिजे.

पंधराव्या वर्षीचा निर्णय

या सर्वांहून गंभीर बाब अशी की, पदवीच्या प्रवेशाची निवड बहुतांशी अठराव्या वर्षी होतच नाही. ती पंधराव्या-सोळाव्या वर्षी, अकरावीचा अर्ज भरताना होऊन गेलेली असते. विज्ञान शाखेतील एखादी मुलगी ‘डॉक्टर व्हायचे आहे, मग गणिताची कटकट कशाला’ म्हणून जीवशास्त्र ठेवते आणि गणित सोडते. वैद्यकीय प्रवेशाचा दरवाजा किती अरुंद आहे हे दोन वर्षांनी कळते तेव्हा अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र, संख्याशास्त्र यांची दारे तिच्यापुरती बंद झालेली असतात. वाणिज्य शाखेतील मुलगा गणिताऐवजी ‘सेक्रेटेरियल प्रॅक्टिस’ घेतो, कारण त्यात गुण सहज मिळतात असे त्याला कोणी सांगितलेले असते. गुण मिळतातही, परंतु दिल्ली विद्यापीठाच्या अर्थशास्त्र ऑनर्सला सामाईक परीक्षेत गणित द्यावे लागते आणि भारतीय सांख्यिकी संस्थेच्या पदवीला बारावीचे गणित लागते, हे त्याला कळते तेव्हा वेळ गेलेली असते.

गणित सर्वांनी घेतलेच पाहिजे, असा याचा अर्थ नाही. ज्याला इतिहासात, भाषेत किंवा जीवसृष्टीत रस आहे त्याने गणिताच्या धाकाने झुरावे हे शहाणपणाचे नाही. मुद्दा इतकाच की, विषय सोडताना त्याच्याबरोबर काय काय सुटते याची यादी समोर असावी. विज्ञानातून कलाशाखेकडे वळता येते. कलाशाखेतून विज्ञानाकडे जाणे जवळजवळ अशक्य असते. हा एकदिशा रस्ता आहे आणि त्याची पाटी दहावीच्या वर्गात लावलेली असली पाहिजे. म्हणून विद्यापीठीय अभ्यासक्रमांची तुलना हे बारावीनंतरचे काम मुळीच नव्हे. ते दहावीच्या दुसऱ्या सत्रात सुरू झाले पाहिजे.

नाव निराळे, आशय तोच

नावांवर विसंबून राहण्यातला धोका २०२४ साली सर्वांच्या अनुभवास आला. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने त्या वर्षीपासून बीबीए, बीसीए, बीएमएस यांसारख्या पदव्या आपल्या कक्षेत घेतल्या आणि राज्याने त्यांच्यासाठी स्वतंत्र सामाईक परीक्षा मे महिन्यात घेतली. बारावीच्या गुणांवर बीएमएसला प्रवेश मिळतो, ही गेल्या अनेक वर्षांची समजूत एकदम मोडली. ज्यांनी परीक्षेचा अर्ज भरला नव्हता ते चकित झाले. जागा लाखाहून अधिक आणि पहिल्या परीक्षेस बसलेले विद्यार्थी त्यांच्या निम्म्याहूनही कमी, अशी स्थिती होऊन उन्हाळ्यानंतर दुसरी परीक्षा घ्यावी लागली. दरम्यान अनेक महाविद्यालयांनी पदवीचे नाव बदलून ‘बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज)’ यासारखे केले आणि परिषदेच्या कक्षेबाहेर राहणे पसंत केले. तेथे प्रवेश पूर्वीप्रमाणे बारावीच्या गुणांवरच होत राहिला.

परिणामी एकाच शहरात, शिकविण्याचे विषय पुष्कळसे सारखे असलेल्या दोन पदव्यांना दोन निराळ्या किल्ल्या लागू लागल्या. ज्याने केवळ नाव पाहिले तो गोंधळला. ज्याने विषयांची यादी, श्रेयांक आणि प्रवेशाचा मार्ग शेजारी शेजारी ठेवून पाहिला त्याच्यासमोर दोन्ही वाटा मोकळ्या राहिल्या. अभ्यासक्रमाच्या नावाभोवती प्रतिष्ठेचे वलय असते. त्या वलयाआड सत्रनिहाय विषयांची एक साधी यादी असते, आणि ती वाचण्यास अर्धा तासही लागत नाही.

चार वर्षांच्या पदवीबाबतही हेच म्हणता येईल. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये जाहीर झाले; महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांत ते २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाले. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी आणि चौथ्यानंतर ऑनर्स, असे टप्पे आता पडले आहेत. तीन वर्षे केल्यास पदव्युत्तर शिक्षण दोन वर्षांचे, चार केल्यास एका वर्षाचे. म्हणजे बेरीज पाचच. संशोधनासह ऑनर्स करावयाचे तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुणांची अट आहे. परंतु आपण ज्या विषयासाठी प्रवेश घेत आहोत त्या विषयाचे चौथे वर्ष या महाविद्यालयात असेल काय, त्यासाठी प्रयोगशाळा आणि मार्गदर्शक आहेत काय, हे माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर छापलेले नसते. ते प्राचार्यांच्या किंवा विभागप्रमुखांच्या भेटीत विचारावे लागते आणि विचारण्याचा अधिकार प्रत्येक पालकाला आहे.

पैसा आणि प्रवास

शुल्काची तुलना करताना केवळ पहिल्या वर्षाचा आकडा पाहण्याची चूक सर्रास होते. एकाच महाविद्यालयाच्या एकाच इमारतीत बी.कॉम.ची तुकडी अनुदानित असते आणि शेजारच्या वर्गातील ‘अकाउंटिंग अँड फायनान्स’ची तुकडी विनाअनुदानित, दोहोंच्या शुल्कात कित्येक पटींचा फरक पडतो. जो विद्यार्थी जोडीने सनदी लेखापालाची परीक्षा देणार आहे त्याने हा फरक आणि तासिकांचे वेळापत्रक दोन्ही पाहावे. वाणिज्य पदवी ५५ टक्के गुणांनी आणि अन्य पदव्या ६० टक्के गुणांनी उत्तीर्ण होणाऱ्यांना त्या अभ्यासक्रमाची पायाभूत परीक्षा न देता पुढच्या टप्प्यावर थेट प्रवेश मिळतो, ही सोयही अनेकांना ठाऊक नसते.

प्रवेशाच्या मार्गावर शुल्क कसे अवलंबून असते, याचे ठळक उदाहरण मुलींच्या सवलतीचे आहे. ज्यांचे कौटुंबिक वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे अशा आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ करण्याचा निर्णय राज्याने २०२४-२५ पासून अमलात आणला. ही सवलत शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेतल्यासच मिळते. व्यवस्थापन कोट्यातील जागेला किंवा खाजगी विद्यापीठाला ती लागू नाही. म्हणजे फेऱ्या संपण्याची वाट न पाहता, घाबरून ‘जागा राखून ठेवलेल्या’ कुटुंबाने आपल्याच हाताने लाखो रुपयांची सवलत नाकारलेली असते.

घाबरण्यापेक्षा पसंतीक्रम लिहिण्यात डोके चालविणे केव्हाही श्रेयस्कर. २०२५-२६ च्या प्रवेशांत अभियांत्रिकीसाठी चार फेऱ्या ठेवण्यात आल्या. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिहींपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी जागा मिळाली तर तीच अंतिम मानण्याचा नियम आला. अशा व्यवस्थेत ‘मिळेल असे वाटते’ ते वर आणि ‘हवे आहे’ ते खाली लिहिणारा स्वतःच्या इच्छेला स्वतःच कुलूप लावतो. क्रम हा आवडीचाच असावा, अंदाजाचा नव्हे.

डोंबिवलीकराच्या तुलनेत प्रवासाचा स्तंभ टाळून चालणार नाही. मुंबईचे टोक येथून सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीने भरलेल्या लोकलमधून पडून प्रवाशांनी प्राण गमावले, ती घटना या शहराच्या स्मरणातून जाणार नाही. दूरचे महाविद्यालय खरोखरच चांगले असेल, तेथील ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि सहाध्यायी यांची सर जवळ कोठे येत नसेल, तर प्रवासाचे कष्ट सोसण्यात अर्थ आहे. या शहरातील कितीतरी पिढ्यांनी ते सोसले आहेत. परंतु केवळ नावासाठी, जो अभ्यासक्रम ठाण्यात, कल्याणात किंवा डोंबिवलीतच तितक्याच तोलाचा मिळतो त्यासाठी, रोजचे तीन-चार तास दरवाजाच्या दांडीला लटकत घालवावेत काय? कल्याणचे बिर्ला महाविद्यालय, ठाण्याचे बांदोडकर महाविद्यालय, मुलुंडचे वझे महाविद्यालय ही आज स्वायत्त आहेत. त्यांना अभ्यासक्रम व परीक्षा यांची आखणी स्वतः करता येते आणि पदवी मात्र मुंबई विद्यापीठाचीच मिळते. स्थानकांच्या क्रमाने आखलेला जुना नकाशा यापुढे खरा मानता येणार नाही.

शिक्का कोणाचा?

पदवी देण्याचा अधिकार कोणाला, हे १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या २२ व्या कलमाने ठरवून दिले आहे. जाहिरातीत ‘युनिव्हर्सिटी’ हा शब्द मोठ्या अक्षरांत असला म्हणजे तो अधिकार येत नाही, आणि म्हणूनच आयोगाला बनावट विद्यापीठांची यादी वेळोवेळी प्रसिद्ध करावी लागते. व्यावसायिक पदव्यांबाबत आणखी एक शिक्का लागतो: विधीसाठी बार कौन्सिलचा, औषधनिर्माणशास्त्रासाठी फार्मसी कौन्सिलचा, शिक्षणशास्त्रासाठी राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचा. तो नसेल तर पदवी हाती येते, पण व्यवसाय करता येत नाही. ‘नॅक’ची श्रेणी पाहावी, मात्र ती संपूर्ण संस्थेची असते, विशिष्ट विभागाची नव्हे. मुंबई विद्यापीठाला २०२१ साली ‘ए प्लस प्लस’ श्रेणी मिळाली म्हणून त्याच्याशी संलग्न प्रत्येक महाविद्यालय त्या तोलाचे ठरत नाही.

परदेशाचा विचार करणाऱ्यांनाही हेच लागू आहे. जर्मनीत शिकू इच्छिणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून आपली शैक्षणिक प्रमाणपत्रे आधी तपासून घेऊन तसा दाखला मिळवावा लागतो. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे पदव्युत्तर प्रवेशासाठी एकूण सोळा वर्षांचे शिक्षण मागतात. तेव्हा तीन वर्षांची पदवी घ्यावी की चार, हा डोंबिवलीत घेतलेला निर्णय चार वर्षांनी सातासमुद्रापार उत्तर मागतो. २०२५ च्या जून महिन्यात पाच परदेशी विद्यापीठांना मुंबई–नवी मुंबई परिसरात शाखा उघडण्याची इरादापत्रे देण्यात आली. ती दारे घराजवळ आली म्हणून त्यांची अट सोपी होणार नाही, आणि शुल्कही.

उलट्या दिशेने वाचन

मग या जंगलातून वाट काढावी कशी? पद्धत साधी आहे: शेवटाकडून आरंभाकडे वाचावे. ज्याला माध्यमिक शिक्षक व्हावयाचे आहे त्याने आधी बी.एड.ची अट वाचावी. पदवीला किमान ५० टक्के, राखीव प्रवर्गासाठी ४५ टक्के, आणि अध्यापनाचा विषय पदवीच्या विषयाशी जुळणारा. ती वाचल्यावर पदवीला कोणता विषय घ्यावा हे आपोआप सुचते. ज्याला लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेस बसावयाचे आहे त्याला कोणतीही मान्यताप्राप्त पदवी चालते. त्याने मग महागडी पदवी केवळ ‘त्याला मान आहे’ म्हणून का घ्यावी? ज्याला संशोधनाची ओढ आहे त्याने चौथ्या वर्षाची सोय प्रथम पाहावी. आणि ज्याला काहीच ठरविता येत नाही, व सतराव्या वर्षी तसे असणे हा मुळीच अपराध नाही, त्याने असा अभ्यासक्रम निवडावा की ज्यातून सर्वाधिक दारे उघडी राहतील.

यासाठी एक शंभर पानी वही पुरते. डाव्या बाजूस पाच-सहा अभ्यासक्रम, आणि वर स्तंभ: लागणारे विषय, किमान गुण, प्रवेशाचा मार्ग व परीक्षा, अर्जाची मुदत, कागद, संपूर्ण कालावधीचे शुल्क, रोजचा प्रवास, पदवी देणारी संस्था, आणि शेवटी पुढे काय. मुंबई विद्यापीठाच्या महाविद्यालयांसाठी विद्यापीठाची प्रवेशपूर्व नोंदणी आणि त्या त्या महाविद्यालयाचा अर्ज ही दोन निरनिराळी कामे आहेत, हीसुद्धा नोंद त्याच वहीत हवी. एक काम केले आणि दुसरे राहिले, अशी प्रकरणे दरवर्षी घडतात.

तथापि वही घरोघर सारखी भरली जात नाही, आणि या प्रश्नाचे खरे गांभीर्य येथे आहे. ज्या घरातून आधीच कोणी विद्यापीठात गेलेले आहे, ज्याचा मामा प्राध्यापक किंवा मावशी अभियंता आहे, त्या घरातील मुलाला या अटी जेवताना गप्पांतून कळतात. २७ गावांतील शेतकरी-कामगाराच्या मुलीला, औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी कामगाराच्या मुलाला, घरात पहिलाच पदवीधर होऊ पाहणाऱ्याला त्या कोण सांगणार? बहुतेक माहितीपुस्तिका कायद्याच्या इंग्रजीत लिहिलेल्या असतात. ती पोकळी खाजगी शिकवण्या आणि ‘समुपदेशक’ भरून काढतात, आणि त्यांचा सल्ला सर्वांनाच परवडत नाही. परवडला तरी तो निःस्पृह असतोच असे नाही. गुणवत्तेच्या नावाने चाललेल्या या स्पर्धेत माहितीचा वारसा हाही एक न बोललेला कोटा आहे.

तो मोडून काढणे डोंबिवलीसारख्या गावाला अवघड नसावे. गुढीपाडव्याची शोभायात्रा साऱ्या महाराष्ट्राने अनुकरण करावे अशा शिस्तीने काढणारे, २०१७ साली नव्वदावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरविणारे हे गाव आहे. येथे वाचनालये आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, अर्जातील रकाने आणि नियमांतील पोटकलमे वाचण्यात हयात घालविलेले निवृत्त कारकून व अधिकारी आहेत. प्रत्येक माध्यमिक शाळेने एका शिक्षकावर ही जबाबदारी सोपवावी. जानेवारीत दहावीच्या पालकांची एक सभा घ्यावी. वाचनालयाच्या एका टेबलावर त्या वर्षीच्या माहितीपुस्तिका आणि त्यांचा मराठी सारांश ठेवावा. दर रविवारी दोन तास एखाद्या जाणत्याने तेथे बसावे. यासाठी शासनाचा आदेश लागत नाही, अनुदानही लागत नाही.

टक्केवारी ही मागे वळून पाहते. दोन वर्षांत काय झाले ते सांगते. प्रवेश हा पुढे पाहण्याचा व्यवहार आहे. निकालाच्या दिवशी पेढे जरूर वाटावेत. पण त्या पेढ्यांच्या कितीतरी आधी, दहावीच्या हिवाळ्यातच, एखाद्या संध्याकाळी आईवडील आणि मुलगा-मुलगी यांनी वही उघडून एकत्र बसावे आणि ‘कुठे घेणार प्रवेश?’ याच्याआधी ‘कशासाठी?’ हा प्रश्न एकमेकांना विचारावा. त्या संध्याकाळी ठरलेले पुढे बदलले तरी हरकत नाही. ते आपण होऊन ठरविलेले असेल, एवढे पुरे आहे.